पंचकातली स्कूटी

माझ्या सासूबाई, बायडाबाई, एकदा अडून बसल्या की देवाच्यानेही हलत नाहीत. त्या दिवशी मी पिशवीत पैसे घेऊन बँकेत निघाले, तर त्या दारातच उभ्या.

"छाया, आज नको. पंचक लागलंय. पंचकात नवी वस्तू घरात आणायची नसती."

माझं डोकंच फिरलं. आमचा मखमलाबादला झेंडूचा मळा. पहाटे फुलं बाजारात न्यायची तर दीर सहादूभाऊजींचा टेम्पो. त्यांची लहर असली तर लवकर, नाहीतर बाजार उतरल्यावर. वर "फुकट बसतेस" हा टोमणा रोजचा. भिशी लागली तेव्हाच मी ठरवलं, आता स्वतःची गाडी. हे पैसे हातचे गेले असते तर जन्मभर तो टेम्पो आणि तो टोमणा.

माझ्या लेकीने, सृष्टीने, सायबर कॅफेत बसून इंटरनेटवर स्कूटीची जाहिरात शोधली, फोटोचा कागदही काढून आणला. गाडी इंदिरानगरची, जवळजवळ नवी, आणि किंमत इतकी कमी, की मीच दोनदा विचारलं. मालक फोनवर साखर पेरल्यासारखा बोलायचा. "ताई, माझी बदली झाली, मी सुरतला आहे. खात्यात पैसे भरा, संध्याकाळी माझा माणूस गाडी तुमच्या दारात आणून लावील."

सासूबाईंपुढे डोकं फोडून उपयोग नव्हता. मी त्यालाच फोन लावला. "दादा, आज जमायचं नाय. पंचक हाय. चार दिवसांनी भरते."

"ताई, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आजच भरा."

"मग द्या त्यालाच!" सासूबाईंवरचा राग त्याच्यावर निघाला.

"नाही, नाही, गाडी तुम्हालाच देणार. हजार रुपये कमी करतो, पण आत्ता भरा."

मी पुन्हा नाही म्हटलं, तर त्याने आणखी पाचशे उतरवले.

फोन ठेवला आणि तशीच ओट्यावर बसले. दसऱ्याला माझ्या टोपलीपुढे दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की मी भाव चढवते. सगळा बाजार चढवतो. ह्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं, आणि हा भाव पाडतोय? असा भाव मी शिळी फुलं खपवताना पाडते.

फोटोत गाडीच्या मागे फाटकावर सोसायटीचं नाव दिसत होतं. सृष्टीला घेऊन तडक रिक्षा केली आणि इंदिरानगरात विचारत विचारत पोचले. बघते तर फाटकाच्या आत तीच स्कूटी, तोच नंबर! उगाच त्या भल्या माणसावर संशय घेतला, असंसुद्धा वाटून गेलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरल्या. आमच्या हातातला कागद बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्हीही पैसे भरलेत का हो?"

गाडी त्यांची होती, हर्षालीताईंची. जाहिरातही मुळात त्यांचीच. त्या भामट्याने त्यांचा फोटो उचलून, किंमत पाडून, खाली स्वतःचा फोन नंबर टाकला होता. "तुमच्याआधी दोघं आले," त्या म्हणाल्या. "दोघांनी पैसे भरले होते. एकजण तर ह्या जिन्यातच बसून राहिला. पोरीसाठी गाडी घेत होता."

मी पिशवी चाचपली. पैसे होते. सुटले गं बाई, सुटले! पण त्या जिन्याकडे माझ्याने बघवेना.

मग डोळे पुसून विचारलं, "ताई, गाडी विकायची आहे ना अजून?"

विकायची होती. किंमत जास्त होती, पण खरी होती. मी माहेरी भावाच्या गाडीवर शिकले होते, तेव्हा एक चक्कर मारून बघितली. कागदपत्रं सृष्टीने वाचली. सवयीने घासाघीस केली, आणि हर्षालीताईंच्या हातावर इसार ठेवला; गाडी पंचक सुटल्यावर नेणार होते.

घरी सासूबाई दारातच होत्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "म्हंजे पैसे हायेत ना?"

"आहेत." तशा त्या मटकन खाली बसल्या.

"आत्याबाई, तुमच्या पंचकानं वाचवलं हो!"

"कशाचं पंचक, बये!" त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ते कधी लागतं न् कधी सुटतं, मला काय ठाव? न बघितल्या गाडीला तू पैसे देणार म्हणल्यावर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नको म्हणले असते तर तू हट्टानं गेली असतीस."

गेले असते. शंभर टक्के गेले असते. मला एवढं हसू आलं की मीही त्यांच्याशेजारी खालीच बसले.

"आता बसतीस काय? आण जा गाडी. मी भाकरतुकडा घेऊन उभी ऱ्हाते ओवाळायला."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहादूभाऊजींनी आपल्या लहरीने टेम्पोचा हॉर्न वाजवला, तेव्हा सासूबाई म्हणे ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ती कवाच गेली!"