फरशीवरून उठायचं

फिजिओच्या मॅडमनी आईला पहिल्यांदा फरशीवर आडवं केलं तेव्हा मी ओरडलेच. झटक्यानंतर तिची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. इतके महिने "आई, सांभाळ, पडशील" असा माझा जप चालू होता आणि या बाई तिला मुद्दाम खाली घेऊन म्हणत होत्या, "आता उठा."

मी हात द्यायला पुढे सरसावले.

"तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना एकटं राहायचंय ना? मग पडल्यावर उठता आलं पाहिजे. ते जमलं तर मी हो म्हणेन. नाही जमलं तर त्यांना तुमच्याकडे न्या."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की काय समजायचं ते मी समजले. जन्मभर लोकांचे कपडे शिवून तिने हे घर उभं केलं होतं, ते सोडून ती जावयाच्या दारी कशाला येईल? आणि खरं सांगायचं तर मीही मेटाकुटीला आले होते. नवरा, मुली, नोकरी, सगळं वाऱ्यावर सोडून इथे बसले होते.

मग रोज तोच खटाटोप. डाव्या कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीला धरून डावा पाय पुढे. आई गुडघ्यांवर यायची आणि तिथेच बसकण मारायची. मला बघवायचं नाही, मी उगाच पडदे सारखे करत बसायचे. बोलण्याचंही तसंच. तिने तोंड उघडलं की मी वाक्य पुरं करून मोकळी. "एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा," असं स्पीच थेरपीवाल्या बाईंनी मला बजावलं होतं. आता गप्प बसणं हा काही माझा प्रांत नव्हे.

एका सकाळी मी भाजी चिरत होते आणि बाथरूममध्ये धप्पकन आवाज झाला.

धावले तर आतून कडी. कडी लावू नकोस म्हणून कानीकपाळी ओरडले होते, पण ऐकेल ती आई कसली. "आई, लागलं का? डोक्याला लागलं? रक्त येतंय? शेजारच्यांना बोलावू?" मी दाराला खांदा लावला आणि मग लक्षात आलं, एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला तिला दुपार होईल.

"आई, लागलं का?" एवढंच विचारलं आणि ओठ दाताखाली धरला.

नळ ठिबकत होता.

"ना... नाही."

"दार तोडू?"

"नको." हे मात्र लगेच आलं.

आत कपडा फरशीवर घासत होता. बादली कलंडली. मी दारासमोर येरझाऱ्या घालत होते. कमोडला धर, असं अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मध्येच काहीतरी जोरात आपटलं आणि आईने एक शिवी हासडली, न अडखळता, अगदी स्वच्छ. मला हसू आलं आणि लगेच रडूही. तरीही मी शेजाऱ्यांचा नंबर काढून ठेवला.

कडी निघाली. आई भिंतीला पाठ टेकून उभी होती, ओलीचिंब, कोपर खरचटलेलं. मी टॉवेल पुढे केला, तो तिने घेतला आणि स्वतःच तोंड पुसलं.

"तू," ती म्हणाली. पुढचं मला खरंच माहीत नव्हतं. "तू... घरी... जा."

हेच ऐकायला मी तळमळत होते. ऐकलं आणि इतकं वाईट वाटलं की तिच्याकडे बघवेना. तिला खुर्चीत बसवलं, फोन उचलला. "मॅडमना सांगते," मी म्हणाले.

तिने डावा हात पुढे केला. "मी."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून मॅडम हॅलो, हॅलो करत होत्या आणि आई शब्द शोधत होती. मी आतल्या खोलीत बॅग भरायला गेले, कारण तिथे थांबले असते तर मीच बोलले असते.