डोळे न काढलेली मेड्युसा

मित्रांनो, मी तांबड्या खडूनं काढलेली एक जुनी बाई आहे. ग्रीक गोष्टीतली मेड्युसा. माझ्या डोक्यावर केसांऐवजी साप आहेत, आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडला की माणसाचा दगड होतो.

साडेतीनशे वर्षांपूर्वी रोममधल्या एका मूर्तिकारानं मला काढलं. माझ्याआधी त्यानं एक कागद रंगवला होता, थेट न बघता, आरशातून, डोळ्यांसकट. खिडकीत झोपलेल्या मांजरानं जागं होऊन त्याकडे पाहिलं आणि आवाजही न करता ते संगमरवराचं झालं. मूर्तिकारानं तो कागद जाळला. मग मला काढलं, साप काढले, ओठ काढले, आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या. तेवढीच त्याची माझ्यावरची माया.

मग मी किती हात फिरले! वाहवा झाली, माळ्यावर धूळही खाल्ली. शेवटी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या एका जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये आश्लेषानं मला घेतलं आणि घरी टेबलावर ठेवलं. तिचे वडील, डॉक्टर शशिधर, मूळचे पेणचे. त्यांच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना होता. यांनी इथल्या हॉस्पिटलात चाळीस वर्षं डोळ्यांची ऑपरेशनं केली.

"अगं, हिची आखणी राहिलीय," ते म्हणाले. "डोळे आखल्याशिवाय मूर्ती घरात ठेवत नाहीत."

"अप्पा, हा गणपती नाहीये! प्लीज, हात लावू नका. सोमवारी म्युझियमवाले बघायला येतायत."

"म्हणून काय बिचारीला आंधळी ठेवायची?"

"रिटायर झालात तरी पेशंट शोधताय तुम्ही!"

ती हसत शॉपिंगला गेली. अप्पांनी तांबडा खडू तासला, वडील करायचे तसा मनोभावे नमस्कार केला, आणि श्वास रोखून माझा डावा डोळा आखला.

मित्रांनो, आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिलं ते अप्पांचं तोंड. किती प्रेमळ होतं! मला ओरडायचं होतं, पण माझे ओठ खडूचे. त्यांच्या बोटांवर राखाडी रंग चढला, मनगट थंड पडलं, खडू खाली पडला.

हॉस्पिटलनं स्ट्रोक म्हटलं. म्युझियमवाल्यांना आश्लेषानं येऊ नका म्हणून कळवलं.

आता अप्पा घरी आलेत. उजवा हात मांडीवर नदीतल्या गोट्यासारखा पडलेला असतो. डाव्या हातानं ते माझ्याशेजारी वर्तमानपत्रावर माझ्या उजव्या डोळ्याच्या रेघा गिरवतात.

"एकच डोळा करून पेशंटला अर्धवट नाही सोडलं मी कधी," ते म्हणतात.

आश्लेषाला बरं वाटतं. फिजिओनं सांगितलंय, हाताला काम द्या. तीच खडू तासून देते.

मित्रांनो, जुन्या चित्रात कोरी जागा दिसली तर ती भरू नका हो. कुणीतरी जीव जपून ती सोडलेली असते. मला पापणी नाही, डोळा मिटता येत नाही. अप्पा वाकले की मी नजर त्यांच्या खांद्यापलीकडे, भिंतीवर ठेवायची धडपड करते.

आज त्यांची रेघ जराही थरथरली नाही.