लाल दिवा असताना उघडलेलं दार

गुरुजींनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी एका परभाषेतल्या अंतराळपटात त्यांनी ध्रुवरक्षकांच्या महागुरूला आवाज दिला आणि तेव्हापासून डबिंग स्टुडिओत चहावाल्यापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना गुरुजी म्हणू लागले. त्यांनाही ते भारी आवडायचं. कोथिंबिरीचा भावसुद्धा ते महागुरूच्या आवाजात विचारत.

म्हणूनच भाचीने फिल्म क्लबसाठी लिहिलेला लेख वाचून दाखवला, तेव्हा या मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ध्रुवरक्षक म्हणजे पांढऱ्या झग्यातले, ग्रहांचं रक्षण करणारे योद्धे. प्रेक्षक त्यांना साधुसंत समजतात. भाचीने त्यांची पार सालटी काढली होती. सहा वर्षांची पोरं आईच्या कुशीतून उचलायची, नाव काढून घेऊन आकडा द्यायचा, घरून आलेली पत्रं न फोडता तळघरात टाकायची आणि वर त्याला त्याग म्हणायचं. ज्याला कधी विचारलंच नाही त्याचा कसला त्याग, असा तिचा सवाल होता.

"आणि पहिल्या भागातला तो प्रसंग," ती म्हणाली. "शिष्य आजारी आईला भेटायला रजा मागतो. महागुरू पाठ करून म्हणतो, 'संघात आला त्याला आई नसते.' तेवढ्यात दार करकरतं. कुणीतरी तिचा निरोप घेऊन आलेलं असणार, मामा. आणि हा वळूनसुद्धा बघत नाही."

गुरुजींचा चहा कपातच राहिला. पडद्यावरच्या त्या दालनाला दारच नव्हतं. करकरलं होतं ते स्टुडिओचं दार.

भाचीला मग सगळं सांगावं लागलं. लाल दिवा लागला की आभाळ कोसळलं तरी दार उघडायचं नाही, हा स्टुडिओचा नियम. त्या दिवशी गुरुजी आत बोलत होते आणि बाहेर फोन आला की आईचं काही खरं नाही. मालक म्हणाले, एवढा प्रसंग होऊ दे, मग सांगू. रेकॉर्डिस्ट बाई सरळ उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, घरी जा. आत्ता."

गुरुजी धावत घरी पोचले. सकाळपासून घोगरं बोलून घसा त्याच आवाजात अडकला होता. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "हे काय, नेहमीच्या आवाजात बोल की." ते बोलले. ती ऐकत राहिली, आणि अर्ध्या तासाने गेली.

बारा दिवसांनी ते कामावर आले तोवर चित्रपट लागलासुद्धा होता. पुन्हा बोलायला माणूस नव्हता, म्हणून ते वाक्य करकरीसकट गेलं. बाईंना मालकांनी चारचौघांत झाडलं आणि वर्षभर जाहिरातींच्या कोंदट खोलीत बसवलं. गुरुजींना ते कळलं, पण त्यांच्या तोंडून आभाराचा शब्द फुटला नाही. आधी रडू येईल म्हणून टाळलं, मग फार दिवस झाले म्हणून. दुसऱ्यांची वाक्यं बोलण्यात आयुष्य गेलेला हा माणूस स्वतःच्या एका वाक्यापाशी बावीस वर्षं अडून बसला होता.

आता त्या चित्रपटाचा आवाज नव्याने स्वच्छ करायचा होता. सोमवारी तेवढं एक वाक्य पुन्हा बोलायला गुरुजींना बोलावलं होतं, आणि हे महाशय आनंदाने हो म्हणून बसले होते.

"म्हणजे ते दार तू स्वतःच पुसणार?" भाचीने विचारलं. "महागुरूला नावं ठेवून मी उगाच कागद वाया घालवला. खरा महागुरू तर घरातच होता."

हे मात्र वर्मी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी बाईंच्या घरी गेले. बाई निवृत्त झाल्या होत्या. ज्या कानांनी जन्मभर टाचणी पडलेली टिपली, त्यांतल्या एकाने आता संप केला होता. सोमवारी ते वाक्य पुन्हा बोलायचंय आणि ती करकर पुसली जाणार, एवढं गुरुजींनी सांगितलं.

"मला वाटायचं, तुम्ही रागावलात," त्या म्हणाल्या. "चांगलं वाक्य बिघडवलं म्हणून. त्यानंतर तुम्ही माझ्याशी धड बोललाच नाहीत."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि सोमवारी स्टुडिओत याल का, एवढंच विचारलं.

सोमवारी नवी रेकॉर्डिस्ट पेचात पडली. वरून स्वच्छ आवाज मागितला होता. पण ती स्वतः शाळेपासून ते चित्रपट बघत आलेली, त्या करकरीमागे कोण असेल यावर तिने मैत्रिणींशी पैजा मारलेल्या. शेवटी तिनेच तोड काढली: दारसुद्धा नव्याने स्वच्छ रेकॉर्ड करू. दार तेच होतं. बिजागरीला तेल घालणं मालकांना कधी सुचलं नव्हतं, आणि त्यांची चिक्कूगिरी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली.

बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. लाल दिवा लागला. गुरुजींनी महागुरूचा घसा लावला.

"संघात आला त्याला आई नसते."

दार करकरलं. दिवा विझेपर्यंत मायक्रोफोनपासून तोंड हलवायचं नाही, हे गुरुजींच्या अंगात भिनलेलं. पण ते वळले. दारात बाई उभ्या होत्या, एक हात दाराच्या मुठीवर, त्या दिवशीसारख्याच.

"बाई, आई भेटली," गुरुजी म्हणाले. आवाज महागुरूचा नव्हता. "तुम्ही दार उघडलंत म्हणून भेटली. फार उपकार झाले तुमचे."

बाईंनी चांगला कान पुढे केला. "काय म्हणालात?"

गुरुजी चार पावलं चालून दाराशी गेले. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, नेहमीच्या आवाजात. आता बाईंना नीट ऐकू गेलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग जुन्या सवयीने त्यांची नजर वर गेली.

"गुरुजी," त्या कुजबुजल्या, "दिवा लाल आहे अजून."

"असू दे," गुरुजी म्हणाले.