छपराखालचं गाऱ्हाणं

बाळा परबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तरी त्या संध्याकाळी आरोंद्याच्या आपल्या घरात ते टीव्हीसमोर बसले होते. कतारमधल्या ज्या स्टेडियमवर वर्ल्ड कपचा सामना होता, त्याचं छप्पर उभारणाऱ्यांत त्यांचा सिद्धेश होता. बसले तेही पेपर तोंडासमोर धरून. बायकोला, तुळसाला, सगळं कळत होतं.

बापलेकांचा अबोला सिद्धेश कतारला गेला तेव्हापासूनचा. गावच्या देवळात देवासमोर गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मान परबांच्या घराचा. बाळांच्या मागे तो सिद्धेशने चालवायचा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आणि पोरगा वेल्डिंग शिकून परदेशी निघाला. मान सोडलास तर बापही सोडलास, असं बाळा तोडून बोलले. पुढे पस्तावले, पण आधी पड कोण खाणार?

टीव्हीवर कॅमेरा उंच गेला. ते अवाढव्य छप्पर बघून बाळांच्या हातातला पेपर आपसूक खाली आला. एवढ्या उंचावर आपलं पोर चढलं होतं!

तेवढ्यात तुळसाचा फोन वाजला. सिद्धेश स्टेडियमच्या बाहेरूनच बोलत होता. काम चोख झालं होतं, दहादा तपासलेलंही होतं. पण हजारो माणसं आत जाताना बघून त्याला धडकी भरली होती. देवाच्या कानावर काहीच घातलेलं नाही, बाबांना गाऱ्हाणं घालायला सांग, असं तो आईला म्हणाला. तुळसाने फोन सरळ नवऱ्याच्या हातात दिला.

बाळा उठले, खांद्यावर पंचा घेतला, घसा खाकरला. आयुष्यभर गाऱ्हाणं त्यांनी घालायचं आणि जमलेल्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, असाच रिवाज. शब्द तोंडपाठ होते. पण आज त्यांची नजर पुन्हा टीव्हीवरच्या त्या छपराकडे गेली.

"छप्पर तू घातलंस," ते शेवटी म्हणाले. "गाऱ्हाणा पण तूच घाल."

पलीकडे गर्दीचा गलका होता. त्यातूनच सिद्धेशचा आवाज आला, आधी चाचरत, मग थेट बापासारखा खणखणीत.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या छपराखाली जी माणसा बसली आसत, ती खंयच्याय मुलखातली असांदेत, तेंका सुखरूप आपापल्या घराक पावय रे म्हाराजा."

बाळांचे डोळे भरून आले. स्वतःचा बाप गेल्यापासून उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा."