नाकाने शिकलेले शब्द

सासूबाईंना या परक्या देशात आमच्याजवळ राहायचं असेल, तर इथल्या भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. नापास झाल्या तर परत. आणि परत म्हणजे कुठे, तर सासरे गेल्यापासून कुलूप असलेल्या गावाकडच्या घरात, एकट्याने. माझा नवरा ट्रक चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. त्यामुळे शिकवणीचं लोढणं माझ्या गळ्यात आलं.

आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नाही, हे आधीच सांगते. मी फटकळ, त्या हट्टी. घोकंपट्टी करून काही जमेना. सकाळचा शब्द दुपारी गायब, नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडले की म्हणायच्या, "ओरडू नकोस गं. कानातून आत शिरतच नाही, त्याला मी काय करू?"

"मग नाकातून घाला!"

रागाच्या भरात बोलून गेले, पण मागाहून वाटलं, का नाही? मी दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम करते. त्या संध्याकाळी तिथून लिंबाच्या वासाचा साबण आणला, त्यांना डोळे मिटायला लावले, नाकाशी धरला आणि साबणाचा इथला शब्द सांगितला. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना त्यांनी तो आपणहून म्हणून दाखवला. मग काय विचारता! कोमट इस्त्रीला बोट, ओल्या टॉवेलला गाल, दाराच्या कडीचा खडखडाट, जिभेवर मिठाचा खडा. घराची पार प्रयोगशाळा झाली.

'माझी' या शब्दाने मात्र नाकी नऊ आणले. त्याला ना वास, ना चव. शेवटी मी त्यांच्या खांद्यावरची शाल खसकन ओढली. त्यांनी दुसरं टोक धरलं. मी शब्द सांगितला आणि आणखी जोरात ओढली. तो शब्द त्यांनी असा काही माझ्या अंगावर टाकला की शेजारणीने भिंत ठोकली.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरच्या बाकावर सासूबाई शाल आवळून बसल्या होत्या. मध्येच हळूच म्हणाल्या, "अगं, आत साबण ठेवलेला असेल ना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत नुसती चित्रं असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चित्राला कसला वास!

आत एक टेबल, चष्मा लावलेल्या परीक्षक बाई, त्यांचा वाफाळता चहा. मी मागच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम. बाईंनी इस्त्रीचं चित्र दाखवलं. सासूबाईंनी डोळे मिटले, एक बोट पुढे केलं, चटका बसल्यासारखं मागे घेतलं आणि शब्द म्हणाल्या. दाराचं चित्र आलं, तेव्हा हवेतच कडी सरकवली. मिठाला ओठ चाटले. बाई बघतच राहिल्या.

मग बाईंनी चहात लिंबाची फोड पिळली आणि हसून विचारलं, "मी चहात काय घातलं, सांगा बरं?"

वास आमच्यापर्यंत आला. सासूबाईंचा चेहरा उजळला. ठणकावून म्हणाल्या, "साबण!"

बाईंनी कपात वाकून पाहिलं. मी कपाळाला हात लावला. आपलं चुकलं हे सासूबाईंना कळलं आणि तिथून सगळंच ढेपाळलं. टॉवेल आठवेना, खिडकी आठवेना. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला ओठसुद्धा हलवता येत नव्हते. ते कुलूप डोळ्यांपुढे आलं. एका माणसापुरता स्वयंपाक करणाऱ्या सासूबाई दिसल्या. त्यांनी जाऊ नये, असं मला फार वाटलं. रोज त्यांच्याशी भांडणाऱ्या मला.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. पेन माझ्याकडे रोखलं. "ही कोण?"

'सून' आम्ही शिकलोच नव्हतो. समोर चोवीस तास वावरणाऱ्या माणसासाठी शब्द लागेल, असं कुणाला वाटतं? बाई कागद आवरायला लागल्या.

तेवढ्यात सासूबाईंनी हात मागे टाकला, माझी बाही धरली आणि खसकन ओढली. सवयीने मीही मूर्खासारखी ती माझ्याकडे ओढून घेतली. त्यांनी दुप्पट जोर लावला. शिवण उसवली.

"माझी!"

त्या एवढ्या जोरात ओरडल्या की दाराबाहेरून कुणीतरी डोकावून गेलं.

बाईंनी कागद खाली ठेवले. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करत सुनेला काय म्हणतात ते त्यांना सांगितलं. सासूबाईंनी डोळे मिटून ते म्हटलं, पुन्हा म्हटलं. बाईंनी शिक्का उचलला.

"काठावर," त्या मला म्हणाल्या, "पण पास."

मी तिथेच रडले. बाहेर फुटपाथवर येईपर्यंत रडणं थांबेना. सासूबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या.

"चहात साबण नव्हता ना गं?"

"नव्हता, आई. लिंबू होतं. घरी गेल्यावर शिकवते."

उसवलेली बाही अजून त्यांच्या मुठीत होती. या वेळी मी ती ओढली नाही.