निंबा मास्तरांची तबकडी

निंबा मास्तरांना डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, उजव्यानं ओरडून बोललेलं तेवढं यायचं. उभी हयात धुळ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली होती. कानाशी ढोल बडवले गेले, त्याची ही वसुली. बायको गेल्यावर ते जळगावला लेकीकडे, कामिनीकडे राहायला आले. कामिनी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. घरात दोघंच, ती आणि तिचे आबा.

तरुणपणी आबांच्या बँडची एक तबकडी निघाली होती, हे कामिनी लहानपणापासून ऐकत आली होती. पाहिली मात्र कधीच नव्हती. गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या जुन्या बाजारात, पितळी भांडी आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात ती तिला सापडली. लहानशी, काळी, कडेचा टवका उडालेली. कव्हरवर लाल डगले घातलेली पोरं, आणि मधोमध क्लॅरिनेट धरून मिसरूड फुटलेले आबा.

तिनं ऑनलाइन शोधून त्यातल्या त्यात स्वस्त टर्नटेबल मागवलं आणि टीव्हीच्या स्पीकरला जोडलं. आबा धुतलेला सदरा घालून समोर येऊन बसले. तबकडी फिरली, सुई टेकली, आणि आवाज आला तो डब्यात कोंडलेल्या माशीसारखा.

कानामागे हात धरून आबा तबकडीकडे बघत राहिले. "वाजी राह्यनी का?"

"वाजतेय, आबा!" कामिनी ओरडली.

"बरं शे," म्हणून ते हसले. लेकीचं मन राखायला हसले, हे तिला कळलं.

मग रोज कामावरून आली की ती त्या यंत्राशी झटू लागली. पिना काढून घातल्या, टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत नेला, पण खरखर तेवढी वाढली. एकदा तिनं सरळ स्पीकरला कान लावला. क्लॅरिनेट ऐकू आलं, ताशा ऐकू आला, आणि त्यांच्या मागे कुठंतरी खुळखुळा. छुक, छुक. मधेच एखादा ठेका चुकवत, पुन्हा धावत येऊन गाठत.

"आबा, खुळखुळा कोण वाजवायचं हो?" तिनं त्यांच्या उजव्या कानाशी विचारलं.

आबांचा चेहरा उतरला. "तबकडीमा खुळखुळा नही शे, पोरी."

खुळखुळा त्यांच्या धाकट्या भावाचा, वनाचा. तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे माइक एकच होता. खुळखुळा वाळू चाळल्यासारखा ऐकू येतोय म्हणत त्यानं वनाला बाहेर पायरीवर बसवलं. वना काही रुसला नाही. "पुढल्या तबकडीत मी आधी," म्हणाला. त्याच पावसाळ्यात नरडाण्याच्या शेतात त्याला पान लागलं. दवाखान्यात न्यायच्या आतच साप चावलेला पाय काळा पडला होता. पुढची तबकडी निघालीच नाही.

"तुले भास व्हयना व्हई," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

धूळ असेल, असं कामिनीनं मनाला समजावलं. मऊ फडक्यानं तबकडी पुसली. खरखर गेली. खुळखुळा राहिला.

धुळ्यात भाईदास म्हणून एक जण लग्नांना लाउडस्पीकर पुरवायचा. त्याचे वडील आबांच्याच बँडमध्ये ढोल वाजवायचे. कामिनीनं फोन केला तसा तो रविवारी दुपारी सामान घेऊन आला. आधी त्यानं वायर बदलली. फरक पडला नाही. मग यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सुईतून करंट फार बारीक येतो. स्पीकरला तो पुरत नाही. मधे प्रीअॅम्प बसवावा लागतो." त्यानं काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी मधे जोडली, पुढं आपला जुना अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर लावले आणि हळदीच्या कार्यक्रमाची वेळ झाली म्हणून निघून गेला.

कामिनीनं सुई टेकवली आणि बटण फिरवलं.

क्लॅरिनेटनं घर भरून गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. आबा खुर्चीत ताठ झाले, त्यांची बोटं आपोआप मांडीवर पडू लागली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आपलंच वाजवणं ते कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

कामिनीनं मात्र खुळखुळ्याकडे कान लावला होता. तो होता. पण बाकी सगळं दहापट मोठं झालं, तरी तो होता तेवढाच होता. तिनं आवाज अर्ध्यावर आणला, तरी तेवढाच. शून्यावर आणला. आता सुईखालून नुसती बारीक किणकिण निघत होती. आणि खुळखुळा. तिनं सुईच उचलली.

छुक, छुक.

आवाज खोलीतूनच येत होता. दाराजवळून, उंबऱ्यापाशी कुणी बसलं असावं तसा. आबांना यातलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरीही तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. आबा दाराकडेच बघत होते.

"वना," ते म्हणाले.

ठेका एकदा चुकला, पुन्हा धावत आला.

"घाई नको करू, भाऊ. मन्हा हातकडे देख."

मांडीवरचा हात त्यांनी उचलला आणि हवेत ठेका धरला, मिरवणुकीत धरायचे तसा. खुळखुळा त्या हाताबरोबर चालू लागला. हात संथ झाला, तोही संथ झाला. मग आबांनी मूठ वळली आणि हात खाली आणला. खुळखुळा जागच्या जागी थांबला. रिकामी तबकडी तेवढी फिरत राहिली.

"आबा, तुम्हाला ऐकू आलं?" कामिनी पुटपुटली.

त्यांनी नेहमीसारखा हात कानामागे नेला. "काय म्हनस?"

त्यानंतर आबा रोज दुपारी तबकडी लावायला सांगतात आणि आवाज मोठाच ठेवायला लावतात. खुळखुळा पुन्हा आला नाही. गाणं संपत आलं की आबा हात वर करतात, मूठ वळून खाली आणतात, आणि कामिनी दाराकडे न बघता सुई उचलते.