मावशीची थंड खुर्ची

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही पुढे या. ही गोष्ट लांबून ओरडून सांगितली तर कुणाला खरी वाटायची नाही. जवळ बसून ऐकलीत तर देवाच्या दयेने पटेल.

एक सरकारी हायस्कूल होतं. कागदावर माणसं अकरा, प्रत्यक्षात चार. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गणित शिकवायच्या, दाखले लिहायच्या आणि तुंबलेले नळही मोकळे करायच्या. विज्ञानाचे सर दोन वर्गांच्या मधल्या दारात उभे राहून डावीकडे भूगोल आणि उजवीकडे रसायनशास्त्र शिकवत. उजवीकडची पोरं विचारत, "सर, पारा कुठल्या समुद्राला मिळतो?" शिपाईकाका घंटा देत आणि त्याच हाताने भाषेचे निबंध तपासत. चौथी मदतनीस मावशी.

मावशीचं काम एकच, पण दिवसभर पुरून उरणारं. शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. तिला डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळे, पण प्रश्नांचा सपाटा असा की सगळे तिला खारूताई म्हणत. फळ्यावर उमटेल ते मावशी तिच्या कानात सांगे, तिची उत्तरं लिहून घेई, हात धरून तिला जिने चढवी. खारूताईचे वडील बस चालवत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी आहे तोवर शाळा. मावशी गेली की पोरगी घरी. जिन्यावरून पडलेली मला चालायची नाही."

आता खात्याचा नियम ऐका. वर्षातून एकदा पदं तपासायला एक साहेब येत. ते माणसं मोजत नसत. माणसं काय, आजारी पडतात, रजेवर जातात, त्यांचा काय भरवसा? साहेब खुर्च्या मोजत. प्रत्येक पदाची एक खुर्ची. तिच्यावर तळहात टेकायचा. कोमट लागली तर पद जिवंत, गार लागली तर कायमचं रद्द.

म्हणून तपासणीच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकच धावपळ.

"सर, तुम्ही ग्रंथपालावर दहा मिनिटं बसा. मी प्रयोगशाळा सहायकावर बसते."

"बाई, आत्ताच तर चित्रकलेवरून उठलोय! जरा दम घेऊ द्या."

"दमसुद्धा बसूनच घ्या. आणि काका, तुम्ही संगीतावरून हलू नका. तुमची ऊब टिकते."

काका अंगाने भरभक्कम. संगीत शिक्षकाचं पद चौदा वर्षं रिकामं होतं, पण काकांच्या कृपेने दरवर्षी ते ताज्या पावासारखं निघे. तिघांनी मिळून दहा खुर्च्या तापवल्या. अकरावी मावशीची. तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही. मावशी तर खरोखरच होती, तिची काय काळजी करायची?

साहेब आले. रुमालाने हात पुसले, एकेका खुर्चीला हात लावत निघाले. "ग्रंथपाल, छान. चित्रकला, छान. संगीत, वा! काय उत्साही माणूस दिसतोय." मग खिडकीजवळच्या खुर्चीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "मदतनीस. गार. धूळसुद्धा आहे."

तेवढ्यात मावशी खारूताईचा हात धरून दारात आली.

"अहो साहेब, ही काय आमची मावशी!" मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर उभी आहे."

"दिसतेय ना. त्या आहेत. पद नाही."

"मला बसायला सवडच कुठे होते हो," मावशी म्हणाली. "दिवसभर हिच्याबरोबर उभीच असते मी."

"तेच सांगतोय. बाकीचे दहा जण बघा, कसे बसून काम करतात." साहेबांनी लेखणी उघडली.

खारूताईला उद्याची सकाळ दिसली असावी: वडील बसवर गेलेले, दाराला बाहेरून कडी, आणि परीक्षा तीन महिन्यांवर. पण स्वभाव जातो कुठे? तिने प्रश्न विचारला.

"साहेब, संगीत शिक्षक कोण आहेत?"

"ते माझ्याकडे येत नाही. पद जिवंत आहे."

"म्हणजे तिथे पद आहे, माणूस नाही. इथे माणूस आहे, पद नाही. मग मावशीला तिथे घ्या ना."

साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. "घेता येईल. मुख्याध्यापिकांचा तो अधिकार आहे. पण यांना गाता येतं का?"

सगळे मावशीकडे बघायला लागले. मावशी जन्मात गायली होती ती भांडी घासताना, तीही नळ मोठा सोडून. तिने डोळे मिटले. सकाळीच खारूताईच्या कानात सांगितलेलं त्रिकोणाचं प्रमेय आठवलं, तेच तिने उचललं. एक ओळ गायली, थांबून तिचा अर्थ सांगितला, पुन्हा ओळ धरली. खिडकीत जमलेल्या पोरांनी ती मागून म्हटली. शिपाईकाका टेबलावर ताल धरून होते. बाहेरच्या कुत्र्याने मात्र अंग काढून घेतलं.

"बेसूर आहे," साहेब म्हणाले.

"नियमात सूर लिहिलाय का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

साहेबांनी पुन्हा पुस्तक पाहिलं. सूर कुठेच नव्हता. त्यांनी सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: संगीत शिक्षकाने कामाच्या वेळेत गायलेच पाहिजे.

झालं! दुसऱ्या दिवसापासून मावशी फळ्यावरचं कानात सांगेना, गायला लागली. इतिहास गायली, आम्ल-अल्कली गायली, तीन जिन्यांच्या बावन्न पायऱ्या एकेक करून गायली. बाकीची पोरंही ऐकून शिकली. वडील एकदा खातरजमा करायला आले. जिन्याखाली उभे राहून त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकलं आणि बसवर परत गेले. परीक्षेत लेखनिक म्हणून मावशीच बसली. प्रश्नपत्रिका तिने गाऊन दाखवली, उत्तरं गुणगुणत लिहिली. पर्यवेक्षकांनी कानात बोळे घातले, पण त्यांनाही आक्षेप घ्यायला नियम सापडला नाही. खारूताई पास झाली आणि पुढे शिकायला गेली.

मावशी अजून तिथेच आहे. यंदा तिच्या वर्गात तशी दोन मुलं आली आहेत, दोघांची पुस्तकं वेगळी, आणि गळा एकच. फार बसलाय हो तो. देवापुढे हात जोडाल, स्वतःचं सगळं मागून होईल, तेव्हा उठायच्या आधी एवढं करा: मावशीची आठवण काढा, आणि तिच्या घशासाठी दोन शब्द टाका.